तिकटीवरचा उतारा

मयूरी साळोखेचा या व्यवहारात फायदा काय होता, ते आधी बघू. मानधन होतं, पण ते बाजूला ठेवा. मानधनासाठी माणसं तयार होतात असं निर्मात्यांना वाटतं, आणि माणसंही त्यांना तसं वाटू देतात. मयूरीला हवी होती झोप. नवऱ्यानं दारू सोडून तीन दिवाळ्या उलटल्या होत्या, तरी त्या दिवसांची भीती घर सोडायला तयार नव्हती. भाडेकरू निघून जावा आणि त्याचं कुत्रं आपल्या दारात राहावं, तशी गत. त्याला पोसायचं आपण, आणि जरा खुट्ट वाजलं की ते भुंकणार आपल्यावरच. असलं कुत्रं कुणी न्यायला आलं असतं, तर मयूरीनं त्याला वर नारळ आणि ब्लाउजपीस दिला असता.

नवऱ्याचाही फायदा होता. रणजित साळोखे दूध संघात वजनकाट्यावर होता आणि रविवारी व्यसनमुक्ती केंद्रात भाषण करायचा. ‘मी सोडली, तुम्हीही सोडाल.’ भाषण चांगलं करायचा. पण बायको शेजारच्या खुर्चीत बसलेली असायची, आणि त्याचा आवाज जरा चढला की तिचे खांदे आपोआप कानांकडे जायचे. मग लोक भाषण ऐकायचं सोडून खांदे बघायचे.

“अगं, मी सोडली की,” घरी आल्यावर तो म्हणायचा. “तू कधी सोडणार?”

प्रश्न रास्त होता. उत्तर निघालं ते मयूरीच्या कामाच्या जागी.

मयूरी कोल्हापूरच्या एका स्टुडिओत कपडेपटात होती. इस्त्री, टाके, नटीच्या निऱ्या. तिथं तेव्हा निनाद ओतारीच्या ‘बिनखिडकीचं घर’चं शूटिंग चाललं होतं. ओतारीच्या सिनेमात बल्ब कायम मंद, घरातले एकमेकांशी बोलत नाहीत, एक तरी पोरगा नशेत असतो आणि मध्यंतराच्या आत कुणीतरी कुणालातरी मारतं. ओतारी स्वतः अत्यंत सुखी गृहस्थ. कोकम सरबत प्यायचा आणि रोज आईला फोन करायचा. दुःखाचा माल त्याला बाहेरून आणावा लागे.

त्या दिवशी नवऱ्याचं काम करणाऱ्या नटानं शॉटच्या आधी मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. एवढंच. निऱ्या बसवत असलेल्या मयूरीच्या हातातून पिनांचा डबा पडला आणि ती कपाट आणि भिंत यांच्या फटीत जाऊन उभी राहिली. आपण कधी उठलो हे तिचं तिलाही कळलं नाही.

नटी सकाळपासून घाबरायचा प्रयत्न करत होती. ओतारी तिला म्हणाला, “पाहिलंस? याला घाबरणं म्हणतात.” मग फटीपाशी जाऊन, अगदी हळू आवाजात, “ताई, हे मला द्याल?”

घड्याळाचं कारण साधं होतं. रणजित हात उचलायच्या आधी घड्याळ काढून फ्रिजवर ठेवायचा. वडिलांचं किल्लीचं घड्याळ, काचेला तडा जायला नको. वस्तू जपणारा माणूस.

आता ओतारीला जे हवं होतं ते देता कसं येतं, हे समजायला हवं. मयूरीला ते तस्नीम मुजावरनं समजावलं. तस्नीम स्टुडिओतली ठसातज्ज्ञ. डॉक्टरकी शिकलेली, पण सिनेमाच्या नादानं इकडं आलेली.

“भीती आधी कुठं लागते, सांगा बघू?”

“डोक्यात.”

“पोटात. पोटात खड्डा पडतो, छाती धडधडते, मेंदू मागाहून ती खबर वाचतो आणि म्हणतो, अरेच्चा, मी घाबरलोय की! ही खबर नेणारी एक लांबलचक नस आहे, पोटातून छातीतून गळ्यावाटे वर मेंदूत जाते. आम्ही गळ्याला पट्टी बांधतो आणि तिच्यातून काय चाललंय ते टिपतो. त्याला म्हणतात ठसा. थेटरात प्रेक्षकाच्या गळ्याला तशीच गळपट्टी असते. ती तोच ठसा त्याच्या नसेत सोडते. त्याचा मेंदू बिचारा खबर वाचतो आणि समजतो, मीच घाबरलोय.”

“आणि माझ्याकडं काय राहतं?”

“आठवण म्हणजे लोणच्याची बरणी. दरवेळी उघडली की हवा लागते, आणि झाकण लावल्यावर आतलं जसं असेल तसं पुन्हा मुरतं. तुम्ही ती आठवण काढणार, तेव्हा तुम्हाला घेरी येऊ नये म्हणून आम्ही उलटा प्रवाह सोडून तुमचं शरीर गार ठेवणार. म्हणजे आठवण परत आत जाते ती गार शरीरासकट. असं काही वेळा झालं, की काय घडलं ते सगळं आठवतं. भीती तेवढी वाटत नाही.”

“म्हणजे उतारा,” मयूरी म्हणाली.

“काय?”

“उतारा हो. माणसावरनं भात, लिंबू, अंडं ओवाळायचं, पत्रावळीवर घालून तिकटीवर ठेवायचं, जिथं तीन रस्ते मिळतात तिथं. आणि मागं न बघता घरला यायचं. पीडा जाते. म्हणजे नाहीशी होत नाही. जो ओलांडेल त्याला लागते.”

तस्नीम हसली. “आमच्यातही मिरच्या ओवाळतात. मागं न बघायचं कलम आमच्या करारातही आहे. ठसा देणाऱ्यानं तो सिनेमा गळपट्टी लावून बघायचा नाही. आणि ओलांडणाऱ्याची काळजी नको. सिनेमा संपला की ठसा उतरतो, असं गळपट्टीवाली कंपनी म्हणते.”

“कंपनी म्हणते, व्हय?”

“मीही म्हणते,” तस्नीम म्हणाली. पण म्हणायला तिला क्षणभर उशीर झाला.

बैठका झाल्या. पडद्यावर एक पुरुषी हात यायचा, घड्याळ काढायचा, फ्रिजवर ठेवायचा. पहिल्या बैठकीत मयूरी किंचाळली. शेवटच्या बैठकीत तिनं विचारलं, “फ्रिज चांगला दिसतोय. कितीला मिळतो?”

घरात उजाडल्यासारखं झालं. मयूरी ढाराढूर झोपू लागली. रणजित अंघोळीला निघाला की ती हात पुढं करायची, “द्या ते घड्याळ, पुसून ठेवते.” तो तिच्याकडं बघत उभा राही. रविवारच्या भाषणात तिचे खांदे जागच्या जागी राहिले. रणजितला व्यासपीठावर रडू आलं, टाळ्या पडल्या. दोघांचाही फायदा झाला होता. त्याच सुमारास त्याची दाढ दुखायला लागली आणि तो सारखी लवंग चघळू लागला, पण एवढ्या सुखात दाढेकडं कोण बघतं!

सिनेमा लागला आणि धो धो चालला. समीक्षकांनी लिहिलं, एका स्त्रीची अनेक वर्षं आम्ही अडीच तासांत गळ्यात बांधून घेतली. लोक एकमेकांना सांगू लागले, “बघच, मरशील.” गळपट्टीची तिकिटं आधी संपायची, साधी उरायची.

ठसा उतरतो, हे कंपनीचं म्हणणं खोटं नव्हतं. अर्धवट होतं. भीती उतरायची, पण घड्याळाचा आणि पोटाचा जोडलेला धागा आत राहायचा. ऑफिसात साहेबानं मनगटावरचं घड्याळ चार्जिंगला लावायला काढलं की खोलीतली माणसं खुर्च्या मागं सरकवायची आणि मग उगाच हसायची. सत्यनारायणाला भटजींनी “घड्याळ काढून बसा” म्हटलं, तर यजमानाच्या बायकोच्या हातातलं तबक कलंडलं. लग्नात नवरदेव घड्याळासकट अंगठ्या घालून घेऊ लागले. वर्तमानपत्रांनी याची थट्टा केली. कोल्हापूरकरांना वेळेची भीती कधीपासून वाटू लागली, वगैरे. थट्टा करणाऱ्यांनी साधं तिकीट काढलं असणार.

मयूरीनं सिनेमा बघितला नाही. करारापेक्षा तिनं रीत पाळली. उतारा ठेवल्यावर मागं बघायचं नसतं. त्यामुळं मागून कोण येतंय, तेही तिनं बघितलं नाही.

मागून येत होती तिची मुलगी. रेवा चौदाची. सिनेमा मोठ्यांसाठीचा होता, पण मैत्रिणीच्या ताईकडं घरची गळपट्टी होती.

एका संध्याकाळी रेवा स्वयंपाकघरातल्या टेबलावर गणितं सोडवत होती. रणजित आला, हात धुवायला घड्याळ काढलं, फ्रिजवर ठेवलं. पेन्सिल खाली पडली. मयूरीनं मागं वळून बघितलं तर खुर्ची रिकामी. रेवा फ्रिज आणि भिंत यांच्यामध्ये उभी होती. खांदे वर, हनुवटी आत, डावा तळहात कानावर, उजवा पोटावर.

ही उभं राहायची तऱ्हा मयूरीची होती. या पोरीनं ती कधी पाहिली नव्हती. त्या दिवसांत मयूरी आधी तिला आतल्या खोलीत झोपवून कडी लावायची आणि मगच त्या फटीत जायची. आता तीच तऱ्हा, त्याच जागी, लहान मापात. मयूरी स्वतःच्याच समोर उभी होती आणि आपल्याला काहीच का होत नाही, याचं नवल करत होती.

“ही काय थेरं गं?” रणजित म्हणाला आणि हात पुसत बाहेर गेला.

“मम्मी,” रेवा फटीतूनच म्हणाली. “पप्पांनी परत सुरू केलीय.”

“तू तो सिनेमा बघितलास?”

रेवानं मान हलवली.

“गळपट्टी लावून?”

पुन्हा हलवली.

“मग झालं तर! ओलांडलास उतारा. अगं, ही तुझी भीती नव्हे, माझी आहे, जुनी. पप्पा पीत असते तर मला कळलं नसतं का? मला तर रस्त्याच्या टोकाला त्यांची चप्पल वाजली की कळायचं.”

हे ती खोटं बोलत नव्हती. पूर्वी खरंच कळायचं. आताही तिनं क्षणभर थांबून आपल्या पोटाला विचारून पाहिलं. पोट शांत होतं. घंटेचा लोळा काढून दिला आणि घंटा वाजली नाही म्हणून देवळात कुणी आलंच नाही, असं ठरवलं. रीत पाळणारी बाई होती, म्हणून चूकही रीतीतलीच झाली. पोरीला लागलंय ते बाहेरचं लागलंय, ते काढायचं, एवढंच तिच्या डोक्यात आलं.

ती रेवाला घेऊन तस्नीमकडं गेली.

तस्नीमनं पट्टी बांधली, पडद्यावर हात, घड्याळ, फ्रिज दाखवला. समोरच्या आलेखात रेघ उडाली. “हा तुमचाच ठसा,” ती मयूरीला म्हणाली. “हुबेहूब. उतरवता येईल, एकदोन बैठका लागतील.” तिनं पडदा बंद केला आणि चहा मागवला.

चहा आला. मसाल्याचा. कप ठेवता ठेवता रेघ पुन्हा उडाली, पहिल्यापेक्षा वर.

पडदा कोरा होता.

तस्नीमनं कप उचलला, हुंगला, रेवाच्या जवळ नेला. रेघ उडाली. लांब नेला. रेघ बसली.

“लवंग आहे यात,” ती म्हणाली. “मयूरीताई, आमच्या सिनेमात लवंग नाही. गळपट्टीला वास नसतो. हे सिनेमातून आलेलं नाही. ही भीती हिची स्वतःची आहे.”

मयूरी म्हणाली, “यांची दाढ दुखते. लवंग खातात.”

“पप्पांची दाढ दुखत नाही,” रेवा पट्टीखालून म्हणाली. “तू कामावर असतेस ना दुपारी. ते लवंग खातात, मग तू येतेस.” तिनं शाळेच्या शर्टाची बाही वर केली. दंडावर चार बोटं उमटली होती, पिवळी पडत आलेली. “मी बाटली बघितली म्हणून. घड्याळ काढलं होतं त्यांनी.”

मयूरीनं त्या खुणांवर आपली बोटं ठेवून पाहिली. तिला राग आला, रडू आलं, लाज वाटली. सगळं आलं, ज्याची गरज होती ते तेवढं आलं नाही.

“माझी मला परत द्या,” ती म्हणाली. “गळपट्टी लावा आणि दाखवा मला तो सिनेमा.”

“ती आता तुमची राहिली नाही,” तस्नीम म्हणाली. “संकलनात तुमचे ठसे कापले, जोडले, खाली संगीत घातलं. तुम्ही बघितलात तर त्या नटाला घाबराल. रणजितरावांना नाही.” मग ती उठली. “घरी जाऊ नका. माझ्याकडं चला, नाहीतर सरळ पोलिसांत.”

“विचारून तर बघते. नवरा आहे माझा, वाघ नव्हे.”

असलं वाक्य ती दोन वर्षांपूर्वी बोलली नसती. शूर माणसं अशीच बोलतात, आणि ज्यांना कळत नाही तीही.

“तू इथंच थांब,” ती रेवाला म्हणाली.

“मी येणार.”

“घाबरतेस ना?”

“म्हणूनच येणार. तुला कळणार नाही.”

रणजित खुर्चीत पेपर वाचत होता. रेवा उंबऱ्याबाहेर थांबली, दार तिनं उघडंच धरलं. मयूरी थेट त्याच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली. पूर्वीची मयूरी अशी उभी राहिली नसती. तिनं मध्ये टेबल ठेवलं असतं, दाराकडची बाजू धरली असती, बोलताना हातात काहीतरी घेतलं असतं. हे सगळं तिचं शरीर करायचं, तिला न विचारता. आता शरीराला कुणी काही सांगितलं नव्हतं.

“तुम्ही परत प्यायला लागलाय का हो?”

“कोण म्हणतंय?”

“तुमची लवंग म्हणतीय. आणि पोरीचा दंड.”

रणजितनं पेपर घडी घालून ठेवला. आवाज चढवला नाही. “मयू, तुला आता बरं वाटतंय ना? झोप लागते? मग कशाला उकरून काढतेस?” बोलता बोलता त्याचा उजवा हात डाव्या मनगटाकडं गेला.

मयूरी त्या हाताकडं बघत होती. घड्याळ सुटलं. “पट्टा उसवलाय की,” ती म्हणाली.

“पप्पांनी घड्याळ काढलं!”

रेवाची किंकाळी गल्लीभर गेली. आता या गल्लीबद्दल थोडं सांगायला हवं. भली माणसं होती. साळोख्यांच्या घरातून पूर्वी आवाज यायचे तेव्हा ती टीव्हीचा आवाज मोठा करायची. नवरा-बायकोच्या भांडणात पडू नये, असं शहाणी माणसं म्हणतातच. पण आता तीन शब्द ऐकले आणि अर्ध्या गल्लीच्या पोटात एकदम खड्डा पडला. समोरच्या जमदाडेकाकू पिठाच्या हातांनी धावल्या. वरच्या मजल्यावरचे निवृत्त कारकून लुंगी सावरत जिना उतरले. विचार करून कुणी आलं नाही. विचार केला असता तर कुणीच आलं नसतं.

त्यांनी रणजितला धरलं. पण पहिला फटका त्यांच्या आधी पोचला होता. मयूरी चुकवायला हललीसुद्धा नव्हती. फटका कानशिलावर बसला.

पुढं कोर्टात रणजितच्या वकिलानं मुद्दा काढला की शेजारी स्वतःच्या बुद्धीनं आलेच नाहीत, सिनेमानं त्यांना ढकललं. त्यानं जमदाडेकाकूंना विचारलं, “इतकी वर्षं आवाज यायचे, तेव्हा का नाही गेलात?”

“तेव्हा ते त्यांचं भांडण होतं, साहेब.”

“आणि या वेळी?”

“या वेळी मला लागलं.”

आता कुणाच्या पदरात काय पडलं, ते. ओतारीला पारितोषिकं मिळाली. ती घेताना त्यानं व्यासपीठावरून अनामिक स्त्रीचे आभार मानले, आणि ते मनापासून मानले होते. रणजित आत गेला. आत दारू मिळत नाही, त्यामुळं तो पुन्हा सुधारला आणि तिथंही भाषणं करतो म्हणतात. गवगवा झाल्यावर कंपनीनं ठसे फुकट उतरवून द्यायला सुरुवात केली. गल्लीनं रांग लावली, काकूही जाऊन आल्या. रात्री जेवणं गोड लागतात, असं त्या सांगतात. गल्लीच्या टोकाला एक नवं जोडपं राहायला आलंय. टीव्हीचे आवाज पुन्हा मोठे झालेत.

मयूरीचा डावा कान गेला. कामावर ती जाते, हसते, रात्री गाढ झोपते. गच्चीच्या कठड्यावरून वाकून खाली भाजीवाल्याशी बोलते. अनोळखी माणसानं बेल वाजवली तर साखळी न लावता दार उघडते. रणजितचं तुरुंगातून पत्र आलं तेव्हा म्हणाली, “येऊ दे की परत, बघू,” आणि भाजी चिरत राहिली.

तस्नीमनं रेवाला तीनदा बोलावलं, चौथ्यांदा स्वतः घरी आली. “दुखत नाही गं,” ती म्हणाली. “तुझी तुला राहील. मम्मीची तेवढी काढून टाकू. चौदा वर्षांच्या पोरीनं चाळिशीच्या बाईचं ओझं कशाला वाहायचं?”

रेवानं स्वयंपाकघरात नजर टाकली. मयूरी गॅस मोठा ठेवून, त्यावरून हात घालून मागचा डबा काढत होती, आणि काहीतरी गुणगुणत होती.

“राहू द्या, मावशी,” रेवा म्हणाली. “काढलीत तर तिला कोण सांगणार?”

तस्नीम चहा न घेता गेली.

एका बाईची भीती लाखो लोकांनी हौसेनं गळ्यात बांधली आणि घरी जाऊन उतरवून ठेवली. ज्या बाईची होती, तिच्याकडं ती उरली नाही. रेवा आता पंधराची आहे. रस्त्यानं चालताना ती आईच्या डाव्या बाजूला असते, हॉर्न वाजला की तिला ओढून घेते, आणि दोघींच्या वाटचं एकटी घाबरते.